चार ढेकळं आणि सुरतेचा बर्फ

भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन फुलवंताबाई लेकीवरून ओवाळून टाकायला उंबऱ्यात उभ्या होत्या खऱ्या, पण त्यांची नजर जमनावर नव्हती. तिच्या कडेवरच्या नातवावरही नव्हती. ती गाडीच्या मागच्या अंगाला बांधलेल्या ओल्या गोणपाटावर खिळली होती. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं आणि लाकडाचा भुसा भुरभुर सांडत होता.

"हाई काय आनं रे बन्सी?"

"बर्फ शे, माय. सुरतहून आगगाडीवर उना."

"तू बहीनले आनाले गया व्हता ना?"

"बहीन बी आनी. ती बी ठिबकी ऱ्हायनी, दख," म्हणत बन्सीलालने जमनाकडे बोट दाखवलं. वैशाखाच्या उन्हात धानोऱ्याहून येताना तिच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं होतं. जमनाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग कुठे फुलवंताबाईंना लेक आल्यासारखी वाटली. त्यांनी घाईघाईने तुकडा ओवाळला, फेकला, आणि नातू आधी ओढून घेतला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणं म्हणजे जमनाचं वर्ष त्या दिवसाभोवती बांधलेलं. बाकी अकरा महिने ती धानोऱ्याची सून. पण तिच्या सासूचा एक दंडक होता. आणायला सख्खा भाऊच मुऱ्हाळी म्हणून आला पाहिजे. चुलता नको, चुलतभाऊ नको, गडीमाणूस तर नकोच. आणि जमनाला सख्खा भाऊ एकच.

तोच भाऊ दोन वर्षं नसणार, हे तिला गाडीतच कळलं होतं. नंदुरबार स्टेशनवर बर्फ घ्यायला थांबले होते तेव्हा बन्सीने हळूच सांगितलं. विलायतेहून एक तुकडी ग्रीनलँड नावाच्या मुलखाला जायची होती. तिथे जमिनीवर बर्फाची चादर अंथरलेली आहे आणि ती कोसभराहूनही जाड असावी. तिची जाडी मोजायच्या कामावर, भूगर्भशास्त्र शिकलेला म्हणून, बन्सीला घेतलं होतं. जेठात मुंबईहून बोट. होकार कळवायचा होता, आणि आबांच्या तोंडून 'जा' आल्याशिवाय तो कळवणार नव्हता.

"आबास्ले मी बोलीन," जमना तेव्हा म्हणून गेली होती. गाडी ओढ्यात उतरताना तिच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच दोन आखाज्या देऊन टाकायला निघालो आहोत. तेव्हापासून ती गप्प होती, आणि बन्सीला वाटत होतं तिला ऊन लागलं.

*

दगा पाटलांनी, म्हणजे आबांनी, त्या संध्याकाळी ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ मगनकाका सुपारी कातरत होते. आतल्या दाराच्या चौकटीला टेकून पदर डोळ्यांवर ओढून बन्सीची बायको गजरा उभी होती. तिने हे आधी ऐकलं होतं की नव्हतं, ते पदरामुळे कळत नव्हतं.

"बर्फ मोजानी नोकरी," मगनकाका म्हणाले. "कापूस मोजतस, बाजरी मोजतस. बर्फ मोजीसन कोनले विकतस?"

"विकानं नही, काका. तो बर्फ वितळना ते दर्या किती चढी, हाई समजी."

"दर्या आठेथून कुठे शे? आपली तापी शे ना, तीच मोज. सांजले घरी येशील."

"तापी मोजीसनच तठे जाई ऱ्हायनू." बन्सी पुढे सरकला. सुरतेकडे खाडीकाठी एक विहीर खोदत होते. दर्याच्या पातळीच्या किती तरी खाली त्यांना तापीचे गोल गोटे लागले, इथल्या पात्रात असतात तसेच. नदी दर्याच्या बुडाखालून कशी वाहील? तर तेव्हा दर्याच खाली होता. त्याचं पाणी उचलून जमिनीवर बर्फ होऊन बसलं होतं. मग बर्फ वितळला, दर्या वर आला आणि तापीचं जुनं तोंड बुडालं. हे बन्सीने मांडलं आणि त्यावरच विलायतवाल्यांनी त्याला बोलावलं.

आबांनी ओट्याखालचा एक खडा उचलून हातात खेळवला. मग त्यांनी विचारलं, "कोसभर जाड बर्फ. तेन्हा तळ कसा समजस?"

"वरथून लहानसा सुरुंग उडावतस. आवाज खाले जास, खडकले लागीसन परत येस. जितला उशीर, तितली जाडी."

"म्हंजे विहिरीमा खडा टाकीसन कान देनं."

"तेच, आबा!"

आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. विहिरीची खोली कानाने सांगण्यात त्यांचा हात, म्हणजे कान, पंचक्रोशीत कुणी धरत नव्हतं. मगनकाकांनी ते हललेलं पाहिलं आणि त्यांचा अडकित्ता थांबला. "दादा, तू बी भुलना का? पाऊस दगा देई ते दुबार पेरनी, नवी विहीर, दोन बैलजोड्या. कोन करी? मी?"

यात खोट नव्हती. मागच्या वर्षी पाऊस हुलकावणी देऊन गेला होता. आबांनी फुलवंताबाईंकडे पाहिलं. त्या नातवाला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, त्याअर्थी त्यांचं उत्तर 'नाही' होतं. जमना तोंड उघडणार तेवढ्यात आबांनीच निकाल देऊन टाकला.

"सकाय आखाजी. घागर मांडनं शे. ढेकळं काय सांगतस ते दखू. चारी मास पाऊस शे, ते पोऱ्या जाई. मी आनि मगन निभाई लिसूत. पाऊस नही, ते पोऱ्या ऱ्हाई. मंग मन्हाकडे कोनी तोंड वासानं नही."

*

आखाजीच्या घागरीची रीत त्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नसे. नवी कोरी घागर पाण्याने भरायची आणि पितरांच्या नावाने मांडायची. खाली शेतातली चार ढेकळं ठेवायची: जेठ, आखाड, सावन, भादवा. घागर पाझरते. ज्या मासाचं ढेकूळ ओलं, त्या मासात पाऊस. कोरडं राहिलं तो मास कोरडा. दिवेलागणीला सगळा मोहल्ला बघायला येतो आणि तिथेच कपाशी किती आणि बाजरी किती हे ठरतं.

यंदाची घागर आबांच्या आईच्या नावाची होती. फुलवंताबाईंची ही सासू, त्यांची 'आत्याबाई', गेल्याला वर्ष झालं नव्हतं. शेवटच्या उन्हाळ्यात म्हातारीला काही गोड लागत नव्हतं, फक्त गार पाणी हवं असे. रांजण वाळूत पुरला, वाळा टाकला, ओली फडकी गुंडाळली. पेला तोंडाला लावून ती म्हणायची, "कोमट शे फुला." फुलवंताबाई पेला घेऊन परत जायच्या.

सकाळी जमना आमरसासाठी आंबे पिळत बसली होती. पलीकडे गजरा खापर तापवून मनगटावर पुरणाचं मांडं फिरवत होती. तिची आई कोठीत गेली आणि पदराखाली काहीतरी जड झाकून देवघराकडे गेली, एवढं जमनाला दिसलं. भुसा गळत गेला होता. नातवाच्या घामोळ्यावर लावायला बर्फ नेला असेल, असं वाटून ती पुन्हा आंब्याकडे वळली.

"ताई," गजरा खापरावरून नजर न काढता म्हणाली, "तठे बर्फमा आंघोळ करतस का हो?"

"माले काय ठाऊक? इचार तेस्ले."

"इचारं. म्हनतस, महिना महिना नही." गजराने मांडं उलटलं. "मंग कपडा कमी धुना पडतीन. तेवढंच बरं."

जमना हसली, मग तिने वहिनीकडे नीट पाहिलं. गजराचे डोळे लाल होते. खापराचा धूर होता, पण सगळाच धुराचा नव्हता.

"तू जाऊ देशील तेले?"

"मी कोन देनारी? घागर देई ना." थोडं थांबून ती म्हणाली, "रातले झोपमा बी बर्फच बोलतस. आठे ऱ्हायनात तरी मन तठेच. त्यापेक्षा जाईसन येवोत. आख्खा मानूस ते परत भेटी."

*

जेवणं झाली. पुरुषमंडळी ओट्यावर पत्ते कुटायला बसली. आखाजीच्या दिवशी जुगाराला कुणी नावं ठेवत नाही. तोच मोका साधून बन्सीने दोन घंगाळं आणून मध्ये मांडली.

"काका, पैज लावतस का? आंबास्नी."

मगनकाकांनी पत्ते खाली टाकले.

एका घंगाळात त्याने बर्फाचा मोठा खडा पाण्यावर तरंगत सोडला आणि काठोकाठ पाणी भरलं. दुसऱ्यात वरवंटा उभा केला, त्याच्या डोक्यावर तेवढाच खडा बसवला आणि तेही काठोकाठ भरलं. आता बर्फ वितळल्यावर कुठलं सांडेल?

"दोन्ही!" मगनकाका गरजले. "बर्फनं पानी व्हई ते पानी वाढीच. हाई काय इचारानं?"

"एकच सांडी," बन्सी म्हणाला.

आंब्यांच्या पाट्या लागल्या. अर्धा मोहल्ला काकांकडे गेला. बन्सीच्या बाजूने कोण, असं विचारलं तेव्हा आतून पाटी सरकत आली. पाटीमागे गजराचा हात होता, बाकी सगळी ती दाराआड. "सूनबाई बी खेळी ऱ्हायनी!" असा एकच कल्ला झाला. फुलवंताबाईंनी कपाळावर हात मारला, पण जमनाने त्या हाताखाली हसू पाहिलं.

वैशाखाच्या दुपारी बर्फाला किती वेळ लागणार! वरवंट्यावरचा खडा पाझरू लागला आणि दुसरं घंगाळ धो धो नाही तरी पदराला लागेल एवढं सांडलं. पहिल्यातला खडा मात्र झिजत झिजत खडीसाखरेएवढा झाला, मग तोही विरला, आणि पाणी काठाला जिथं होतं तिथंच. मगनकाकांनी चारी बाजूंनी वाकून पाहिलं.

तेवढ्यात जमनाच्या बाळाने घंगाळाच्या बाहेरच्या अंगावर हात थापटला आणि ओला तळवा तोंडात घातला. काकांना जीव आला. "गळी ऱ्हायनं! घंगाळ गळी ऱ्हायनं, म्हनीसन सांडं नही! पैज खोटी!"

"गळस नही, काका. हवामा पानी ऱ्हास. गार भांडाले लागनं का थेंब व्हई जास." बन्सीने रिकामा तांब्या आणून त्यात फक्त बर्फ टाकला, वर झाकण ठेवलं. थोड्या वेळात तांब्याच्या बाहेरून घाम सुटला. काकांनी तो पुसला. पुन्हा सुटला. पुन्हा पुसला.

"बरं, पन एक का सांडं अन् एक का नही?"

"जो बर्फ पानीमा बसेल शे, तेनी आपली जागा आधीच घी लिधी. जो दगडवर बसेल शे तो आजून येवाना शे. तठला बर्फ दगडवर शे, काका. म्हनीसन तो किती शे, हाई समजाले पाहिजे."

जमनाला हे एकदम पटलं. घरातल्या सुनेची जागा घरात असतेच. आखाजीला गाडीतून लेकी उतरल्या, की ओसरी पुरत नाही. अजून यायच्या असतात त्यांचाच हिशोब लागतो. आणि लगेच तिला आठवलं, पुढल्या साली या ओसरीत आपण नसू. तिने बाळाचं ओलं बोट तोंडातून काढलं आणि उगाच पुसत बसली.

मगनकाकांनी पाट्या सरकवल्या. हरलेला माणूस वाईट दिसतो, पण काकांचा चेहरा वेगळाच झाला होता. "दादा," ते आबांना म्हणाले, "पोऱ्याना डोकामा काहीतरी शे बरं."

"काल ते नव्हतं," आबा म्हणाले.

"काल मी आंबा हरना नव्हतू."

*

दिवेलागणीला देवघरासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. वाडीतले उदेसिंग पाटील, भाऊबंद, सालदार, कडेवर पोरं घेतलेल्या माहेरवाशिणी. घागरीच्या तोंडावर ठेवलेलं डांगर, म्हणजे खरबूज, समईच्या उजेडात पिवळंधमक दिसत होतं. आबांनी हात जोडले, दोन्ही हातांनी घागर उचलून बाजूला ठेवली आणि खाली वाकले.

जेठ ओला. आखाड ओला. सावन ओला. भादवा तर असा भिजला होता, की उचलताना त्याचा चिखल झाला.

क्षणभर कुणाचा विश्वासच बसेना. मग उदेसिंग पाटलांनी आरोळी दिली, "चारी मास!" आणि घर दणाणलं. कपाशी, कपाशी! नदीकाठचं सगळं रान कपाशीखाली! मगनकाकांनी कुणाच्या तरी डोक्यावर गुलाल नाही म्हणून हळदच टाकली. आबा उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि लेकाकडे बघून त्यांनी मान हलवली. तेवढंच. जा.

जमनाला हसू आणि हुंदका एकदम आला, म्हणून तिने बाळ तोंडाशी धरलं.

बन्सी पाया पडायला पुढे झाला. आधी आजीच्या घागरीला त्याने हात लावला, आणि त्याचा हात तसाच राहिला. जमना जवळच होती. त्याच्या चेहऱ्यावरून आनंद असा उतरला, जसं कुणी दिव्यावर हात धरावा. त्याने घागरीच्या पोटावरून बोट फिरवलं, गळ्यावरून फिरवलं. सगळीकडे बारीक थेंब होते. त्याने एकदा दाराकडे पाहिलं. दारात गजरा उभी होती.

बोलू नकोस, असं जमनाच्या अगदी ओठांवर आलं. मग आपण हे का म्हणणार होतो, तेच तिला कळेना. तो जावा म्हणून? तिला तर तो राहायला हवा होता ना?

"आबा," बन्सी म्हणाला, "हाई पाझर नही. घागर बर्फनी गार शे. बाहेरथून घाम सुटना, तांब्याले सुटना तसा. ढेकळं तेनी भिजेल शेत. हाई पाऊसनं सांगनं नही."

मागच्या माणसांनी माना उंचावल्या. उदेसिंग पाटलांची आरोळी अर्धवट तोंडातच राहिली. आबांनी डांगर उचललं. आत, पाण्यावर, बर्फाची नखाएवढी चकती तरंगत होती.

"कोनी टाकं?" आबांचा आवाज बारीक होता, आणि तो बारीक झाला की सालदारसुद्धा मागे सरत.

"मी." फुलवंताबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "घागर आत्याबाईनी शे. शेवटपावत मन्हा हाते कोमट पानीच पीनी ती. घरमा पहिल्यांदा बर्फ उना… मी म्हनं, एकदाव तरी गार पी ले माय." मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. "अरे देवा! मी ते तेले जाऊ देत नव्हती! अन् मीच चारी मास भिजाई टाकात!"

आधी कोण हसलं ते पुढे कधीच ठरलं नाही. मगनकाका म्हणत, की ते आपण नव्हतो, पण तेच असावेत. हसणं उंबऱ्यापर्यंत गेलं, ओट्यावर गेलं, आणि ज्यांना काहीच दिसलं नव्हतं तेही पोट धरून हसायला लागले. फुलवंताबाई रडता रडता हसत होत्या. आबा तेवढे हसले नाहीत.

त्यांनी दोन बोटांनी ती चकती पाण्यातून उचलली. समईपुढे धरली. मग तोंडात टाकली आणि डोळे मिटून उभे राहिले. सगळे बघत राहिले.

"गार शे," ते म्हणाले. "माय पीनी असी." डोळे उघडून त्यांनी लेकाकडे पाहिलं. "तू गप ऱ्हायना असता ते जेठमा बोटमा बसता. कोनले काय समजतं?"

"आठली कपाशी बुडती, आबा. तुम्ही सगळी जमीन कपाशीखाले…"

"तेच म्हनी ऱ्हायनू. आपला फायदानं पानी ज्यानी खोटं पाडं, तेन्ही मोजनी खोटी नही व्हवाव. जा. तठला बर्फले कान दे, नीट दे. पाऊसनं आम्ही दखी लिसूत. मगन, काय?"

"मी काल काय म्हनं ते इसरी जाय," मगनकाका म्हणाले. "पन दादा, सकाय घागर नवी मांड. साध्या पानीनी. मी जेठवर एक पाटी लावस."

पुन्हा हशा झाला. त्या हशात जमना नव्हती, हे फुलवंताबाईंनाच आधी दिसलं. त्यांनी लेकीच्या हनुवटीला हात लावला. "अन् हिले आनाले कोन जाई?" त्या एकदम म्हणाल्या. "हिनी सासू दुसरा मुऱ्हाळी उंबराआत घेवाव नही."

बन्सीने जमनाकडे असं पाहिलं, जसं त्याला हे आत्ता, पहिल्यांदाच, सुचलं होतं. आणि खरंच तसंच होतं. "जमनी, तू गाडीमा बोलनी का नही?"

"ऊन व्हतं," जमना म्हणाली.

"मी जाईन मुऱ्हाळी," दारातून आवाज आला.

माना वळल्या. गजराने पदर कपाळापर्यंत वर घेतला होता. लग्न होऊन आल्यापासून तिचा पुरता चेहरा या माणसांनी आजच पाहिला असेल.

"बाईमानूस? मुऱ्हाळी?" उदेसिंग पाटील म्हणाले.

"ताईना सख्खा भाऊ बर्फमा शे. तेन्ही सख्खी बायको घरमा शे. तेस्नी सासूबाईले आनखी कितलं सख्खं पाहिजे?"

"अन् ती नही म्हननी ते?" आबांनी विचारलं. आता त्यांची मिशी उघड उघड हलत होती.

"ते मी तेस्ना ओटावर दोन घंगाळं मांडीन," गजरा म्हणाली, "अन् आंबास्नी पैज लावीन."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चार कोरड्या ढेकळांवर नवी घागर बसली, साध्या पाण्याची. मगनकाका तिच्यासमोर पाट मांडून राखण करत होते आणि येणाऱ्या प्रत्येकीचा पदर झडतीला घेत होते.

परसातल्या निंबाच्या झोक्यावर जमना बसली होती. गजरा मागून झोका देत होती. बन्सी बाळाला खांद्यावर घेऊन सांगत होता, की दर्या म्हणजे काय. बाळ त्याचा कान ओढत होतं.

"जोरमा दे ना," जमना म्हणाली. "हात मोडनात का मुऱ्हाळीबाईना?"

गजराने असा झोका दिला, की पाय निंबाच्या डहाळीला लागले. वरून कुंपणापलीकडची वाट दिसली, धानोऱ्याकडे जाणारी, पांढरी, रिकामी. झोका खाली आला, पुन्हा वर गेला. दुसऱ्या खेपेला जमनाला त्या वाटेवर गाडी दिसली: पुढल्या सालची, आणि गाडीत ताठ बसलेली, पदर मागे सारलेली, मांडीवर घंगाळ घेतलेली वहिनी. ती इतक्या मोठ्याने हसली, की मगनकाका घागर सोडून बाहेर आले.